जहाजांना इंधन पुरवणारी कंपनी कशी उभी राहते, कशी वाढते: मुंबईतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तेलाचा टँकर चालवणारे, शिप-चँडलिंगवाले (जहाजांना सामान पुरवणारे), जहाजावरची नोकरी सोडून धंद्यात उतरू पाहणारे इंजिनियर आणि जहाजमालकांच्या कचेरीत इंधनाची बिलं तपासणारे, सगळ्यांकडून हेच प्रश्न फिरून फिरून येतात. रुपयांचे आकडे हिशोब समजावा म्हणून धरलेले आहेत. भाव रोज बदलतो, तेव्हा आपला आकडा घालून गणित पुन्हा करा.

१. बंकरिंग म्हणजे नेमकं काय? हा शब्द आला कुठून?

जहाजाला त्याच्या स्वतःच्या वापरासाठी इंधन देणं म्हणजे बंकरिंग. जहाजात माल म्हणून भरलेलं तेल यात येत नाही. आगबोटी कोळशावर चालत तेव्हा कोळशाच्या कोठाराला बंकर म्हणायचे. कोळसा गेला, शब्द राहिला. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर मुंबईत आगबोटींची ये-जा वाढली. रे रोडकडचं ‘कोळसा बंदर’ हे नाव त्या दिवसांची खूण. १९५४-५५ मध्ये माहुल-ट्रॉम्बे पट्ट्यात दोन रिफायनऱ्या सुरू झाल्या आणि जहाजाचं तेल शहराच्या हद्दीतच तयार होऊ लागलं. त्यांतली एस्सोची रिफायनरी १९७४ मध्ये सरकारी होऊन एचपीसीएलकडे आली, बर्मा शेलची १९७६ मध्ये. तीच आजची बीपीसीएल.

२. मुंबईत या धंद्याचं गिऱ्हाईक कोण?

मोठी कंटेनर जहाजं आणि टँकर डोळ्यांत भरतात, पण नव्या कंपनीचं पोट त्यांच्यावर भरत नाही. एका वेळी पाचशे-हजार टन तेल घेणारं जहाज बहुधा सिंगापूर किंवा यूएईतल्या फुजैरा बंदराचा भाव बघतं आणि मुंबईत लागेल तेवढंच घेतं.

लहान कंपनीचं खरं गिऱ्हाईक म्हणजे टग (जहाजं ओढणाऱ्या बोटी), पायलट लाँच (बंदराचा वाटाड्या जहाजापर्यंत नेणाऱ्या), ड्रेजर (गाळ उपसणारे), किनाऱ्याकिनाऱ्याने चालणारी मालवाहू जहाजं आणि मुंबई हायला सामान नेणाऱ्या बोटी. मुंबई हायमधून १९७६ पासून तेल निघतंय. किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवरच्या त्या प्लॅटफॉर्मना न्हावा तळावरून वर्षभर रसद जाते. त्या बोटींना डिझेल लागतं, थोडं लागतं पण सतत लागतं. भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो आणि गेटवेच्या लाँचही याच यादीत.

मच्छीमार बोटींचा हिशोब वेगळा. ससून डॉक आणि भाऊच्या धक्क्यावर त्यांना सहकारी संस्थांच्या पंपांवर डिझेल मिळतं आणि करपरताव्याची सरकारी योजनाही संस्थेमार्फतच चालते. तिथे खासगी पुरवठादाराला फारशी जागा नाही.

३. कंपनी साधारण कोणत्या टप्प्यांनी वाढते?

पहिला टप्पा दलालीचा. स्वतःचं काही नाही, फोन आणि ओळखी. जहाजाच्या एजंटकडून चौकशी घ्यायची, तेल कंपनी किंवा मोठ्या पुरवठादाराकडून भाव आणायचा, टनामागे थोडी दलाली कापायची. यात भांडवल लागत नाही. पण गिऱ्हाईक आपलं नसतं, भावाचं असतं.

दुसरा टप्पा टँकर-लॉरीचा. १२ किंवा २० हजार लिटरची गाडी धक्क्यावर नेऊन टग किंवा बोट भरायची. शिस्त इथेच लागते: गेट पास, ड्रायव्हरचं धोकादायक माल वाहण्याचं प्रशिक्षण, गाडीचं कॅलिब्रेशन (टाकीचं माप तपासून घेणं), धक्क्यावर अग्निशमनाची तयारी.

तिसरा टप्पा भाड्याच्या बार्जचा, म्हणजे तेल नेणाऱ्या बोटीचा. लॉरी धक्क्याला लागलेल्या बोटीपर्यंत पोचते, नांगरावर उभ्या जहाजापर्यंत बार्जच जाते. गिऱ्हाइकांची संख्या इथे एकदम वाढते आणि जोखीमही. स्वतःची बार्ज कधी घ्यावी, ते प्रश्न १४ मध्ये पाहा.

चौथा टप्पा साठवणुकीचा: टर्मिनलमध्ये टाकी भाड्याने घेणं, शक्य झालं तर कस्टम्सच्या बंधपत्राखालची (शुल्क भरण्याआधी माल ठेवता येतो अशी). स्वतःचा साठा असला की भाव पडल्यावर घेता येतं आणि दोन प्रतींच्या तेलांचं मिश्रणही करता येतं. मात्र भाव पडण्याची भीतीही तेव्हापासून आपली. पुढे दुसऱ्या बंदरात शाखा, मग परदेशी बंदरांत दुसऱ्याच्या हातून पुरवठा.

टप्पे वगळणारे बरेच. दलालीतून थेट बार्ज घेणाऱ्यांचं घोडं अडतं ते मोजणीवर आणि उधारीवर. ही दोन कामं दुसऱ्या टप्प्यात हाताखालून गेली नसतील तर तिसऱ्यात शिकायची किंमत फार मोठी पडते.

४. परवाने कोणकोणते लागतात?

मुख्य कायदा पेट्रोलियम अॅक्ट १९३४ आणि त्याखालचे २००२ चे नियम. ते राबवणाऱ्या ‘पेसो’ या केंद्र सरकारच्या स्फोटक-सुरक्षा संस्थेचं मुख्यालय नागपूरला आहे. या नियमांत ज्वलनबिंदूवरून (फ्लॅश पॉइंट, म्हणजे तेलाची वाफ ठिणगीने पेट घेते ते तापमान) तेलाचे तीन वर्ग केले आहेत: २३ अंश सेल्सियसच्या खाली ‘अ’, २३ ते ६५ ‘ब’, ६५ ते ९३ ‘क’. साठवण आणि वाहतुकीच्या अटी वर्गाप्रमाणे बदलतात.

दुसरी गोष्ट बंदराची परवानगी. मुंबई बंदर प्राधिकरण, जवाहरलाल नेहरू बंदर आणि मेरीटाइम बोर्डाची लहान बंदरं यांच्याकडे वेगवेगळा अर्ज करावा लागतो. एका बंदराची परवानगी दुसऱ्या बंदरात चालत नाही.

तिसरी गोष्ट डिझेलची. हायस्पीड डिझेलचा पुरवठा अत्यावश्यक वस्तू कायद्याखालच्या २००५ च्या आदेशाने बांधलेला आहे. तेल कंपनीशी रीतसर करार किंवा सरकारी अधिकारपत्र नसताना ‘आम्ही फक्त ट्रेडिंग करतो’ म्हणून सुटका होत नाही. फर्नेस ऑइलमध्ये एवढी बंधनं नाहीत, म्हणून पुष्कळ जण तिथून सुरुवात करतात. बार्जची नोंदणी, वर्ग-प्रमाणपत्र (बार्ज धड असल्याचं वर्गीकरण संस्थेचं), विमा आणि खलाशांची प्रमाणपत्रं हा आणखी एक गठ्ठा. त्यातली एक तारीख उलटली तरी बंदर बार्ज अडवू शकतं.

५. ३८०, व्हीएलएसएफओ, एमजीओ ही नावं ऐकतो. फरक काय?

३८० म्हणजे ५० अंश तापमानाला ३८० सेंटिस्टोकपर्यंत (घट्टपणाचं माप) घट्ट असलेलं काळं तेल. गार असताना ते काकवीसारखं ओघळतं, म्हणून टाकीत गरम ठेवावं लागतं. एमजीओ (मरीन गॅस ऑइल) हे पातळ, डिझेलच्या जातीचं.

१ जानेवारी २०२० पासून मार्पोल (जहाजांमुळे होणारं प्रदूषण रोखणाऱ्या आंतरराष्ट्रीय) कराराच्या सहाव्या परिशिष्टाने जहाजाच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आणली. व्हीएलएसएफओ (व्हेरी लो सल्फर फ्युएल ऑइल) म्हणजे या नव्या मर्यादेत बसणारं तेल. धुराड्यात स्क्रबर (धुरातलं गंधक धुऊन काढणारं यंत्र) बसवलेली जहाजं अजूनही जुनं जास्त गंधकाचं ३८० घेतात. युरोप-अमेरिकेच्या काही किनाऱ्यांवर मर्यादा ०.१ टक्का आहे आणि १ मे २०२५ पासून भूमध्य समुद्रही त्यात आला. म्हणून मुंबईहून भूमध्याकडे निघालेलं जहाज दोन प्रकारचं तेल मागतं.

कंपनीच्या दृष्टीने याचा अर्थ असा की एका बार्जवर तीन प्रती नेल्या तर तीन वेगळ्या टाक्या, वेगळे पाइप आणि वेगळे पंप हवेत. ३.५ टक्क्यांचं तेल वाहिलेल्या पाइपात उरलेलं थोडंसं तेलही ०.५ टक्क्यांचा माल मर्यादेबाहेर ढकलू शकतं.

६. रस्त्यावरच्या पंपाचं डिझेल जहाजाला दिलं तर चालतं का?

समुद्रगामी जहाजाला नाही. सोलास (समुद्रावरच्या जीवितसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय) करारानुसार जहाजाच्या इंधनाचा ज्वलनबिंदू किमान ६० अंश सेल्सियस हवा. गाड्यांच्या डिझेलला भारतीय मानकात किमान ३५ अंश पुरतात. इंजिनाला फरक कळणार नाही. धोका आहे तो गरम, बंद इंजिनरूमचा. म्हणून ‘हाय फ्लॅश’ डिझेल वेगळं मिळतं आणि मागणीपत्रात तसं स्पष्ट लिहून घ्यावं. नुसतं ‘एचएसडी’ (हायस्पीड डिझेल) लिहिलेल्या ऑर्डरवर साधं डिझेल गेलं आणि पुढच्या बंदरात तपासणीत सापडलं, तर जहाज अडकतं आणि खर्चाचं बोट पुरवठादाराकडे वळतं. १ मे २०२४ पासून इंधनाच्या पावतीवर ज्वलनबिंदूची नोंद करावीच लागते.

७. एक पुरवठा सुरुवातीपासून शेवटपर्यंत कसा होतो?

जहाजाकडून नॉमिनेशन (पुरवठ्याची लेखी मागणी) येतं: जहाजाचं नाव आणि आयएमओ (आंतरराष्ट्रीय सागरी संघटना) क्रमांक, प्रत, टन, येण्याची वेळ, एजंट. यावर लेखी खात्री गेल्याशिवाय माल भरू नका.

मग भरती-ओहोटीचं वेळापत्रक. इंदिरा गोदीत लॉकमधून (पाणी अडवणाऱ्या दारांमधून) आत जावं लागतं आणि त्याच्या वेळा भरतीशी बांधलेल्या असतात. दारूखान्याच्या बाजूचे जुने बंदर ओहोटीला गाळात उघडे पडतात. उधाणाच्या दिवसांत मुंबईत पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं. धक्क्याला लागलेल्या जहाजाशेजारी बार्ज बांधली की दोर सैल-ताठ करायला एक माणूस सतत लागतो. तो माणूस जेवायला गेला की होज (तेलाची नळी) ताणला जातो.

बार्ज लागल्यावर आधी सुरक्षा-यादी: दोन्हीकडचे स्कपर (डेकवरचं पाणी बाहेर जायची भोकं) बंद, ठिबक-तसराळी जागेवर, लाकडाचा भुसा आणि शोषक कापड हाताशी, अग्निशामक उघडे, दिवसा ‘बी’ झेंडा आणि रात्री लाल दिवा, वॉकी-टॉकीचा चॅनेल ठरलेला, पंप थांबवायची खूण दोघांना पाठ. मग दोन्हीकडच्या माणसांनी मिळून टाक्यांची सुरुवातीची मोजणी (प्रश्न ८). त्यानंतर होज जोडायचा. फ्लँजचे (होजच्या जोडावरच्या कड्यांचे) सगळे बोल्ट लावायचे. घाईत एक सोडून एक बोल्ट लावायची सवय धक्क्यावर दिसते आणि गळती बहुतेक वेळा तिथूनच होते.

पंप हळू सुरू करतात. तेल ठरलेल्या टाकीतच जातंय आणि कुठे ठिबकत नाही याची खात्री झाल्यावर वेग वाढवतात. जहाजाची टाकी भरत आली की पुन्हा वेग कमी. शेवटी होजमधलं तेल हवेने ढकलून द्यायचं: ६ इंची, ३० मीटर लांब होजमध्ये अर्ध्या टनाहून जास्त तेल बसतं. ते कुणाच्या खात्यात मोजायचं हे पंप सुरू होण्याआधी ठरलेलं असावं. मग शेवटची मोजणी, नमुने, पावती.

८. तेल टनांत विकतात, पण टाकीत तर लिटर असतात. टन कसे काढतात?

याच उत्तरावर कंपनीची पत ठरते, म्हणून सावकाश.

बार्जच्या टाकीच्या तोंडातून टेप सोडतात. तळापर्यंत सोडून तेलाची उंची घेतली तर साउंडिंग. वरच्या खुणेपासून तेलाच्या पृष्ठभागापर्यंतची मोकळी जागा मोजली तर अलेज. काळ्या तेलासाठी अलेज बरा, कारण घट्ट तेलात लंगर (टेपच्या टोकाचं वजन) तळाला टेकला की नाही हे हाताला नीट कळत नाही. टेप बाहेर काढून, पुसून पुन्हा सोडायचा. दोन मोजमापं ३ मिलिमीटरच्या आत जुळली नाहीत तर तिसरं घ्यायचं. तळाच्या पाण्यासाठी लंगराला पाणी-शोधक पेस्ट लावतात, पाणी लागलं की तिचा रंग बदलतो. मग बार्ज पुढे-मागे किती झुकली आहे ते पाहून, टाकीच्या तक्त्यावरून घनमीटर.

समजा ३०० घनमीटर आले, तेल ४५ अंशांवर आहे आणि १५ अंशांना घनता ०.९८०० आहे. तेल गरम असताना फुगतं, म्हणून आकारमान १५ अंशांवर आणावं लागतं. तेलाच्या मोजणीसाठी ठरलेल्या तक्ता ५४-ब मधून या घनतेला आणि तापमानाला सुधार-गुणक सुमारे ०.९७९२ येतो. ३०० गुणिले ०.९७९२ म्हणजे २९३.७६ घनमीटर. हवेतल्या वजनासाठी घनतेतून ०.००११ वजा करून ०.९७८९ ने गुणायचं: सुमारे २८७.६ टन.

आता चूक कुठे शिरते ते पाहा. तापमापक ३ अंश कमी दाखवत असेल तर याच टाकीत ६०० किलोचा फरक. पावतीवर घनता ०.९९०० लिहिली आणि प्रयोगशाळेत ०.९८५० निघाली तर दीड टनाच्या आसपास. टेपची चूक सगळ्यांना दिसते, घनतेची चूक कागदात लपते. म्हणून टर्मिनलच्या प्रमाणपत्रावरची घनता आणि बार्जवर हायड्रोमीटरने (घनतामापकाने) घेतलेली घनता दोन्ही लिहून ठेवा.

सिंगापूरने २०१७ पासून काळ्या तेलाच्या बार्जवर वस्तुमान मोजणारं मीटर सक्तीचं केलं. ते पाइपातून जाणारं वजनच थेट मोजतं. बार्जवर हे मीटर नसेल तर सगळी भिस्त टेप आणि थर्मामीटरवर, म्हणून त्यांची कॅलिब्रेशन-प्रमाणपत्रं बार्जवरच ठेवावीत.

९. बार्ज म्हणते २०० टन दिले, जहाज म्हणतं १९६ मिळाले. आता?

विक्री साधारणपणे बार्जच्या आकड्यावर होते, तसं करारात लिहिलेलं असतं. तरी चार टन म्हणजे दोन टक्के. हसून सोडून द्यायची गोष्ट नाही. आधी जहाजाच्या सगळ्या टाक्या मोजल्या का, ट्रिमचा (जहाजाच्या पुढे-मागे झुकण्याचा) सुधार लावला का, जहाजावर आधीचं तेल किती होतं, हे तपासा.

मग हवा. होजमधून हवा मारत तेल दिलं की त्यात बारीक बुडबुडे अडकतात आणि टाकी खऱ्यापेक्षा भरलेली दिसते. धंद्यात याला ‘कॅप्पुचिनो’ म्हणतात. खुणा: टेप वर येतो तेव्हा त्यावर फेसाचे ठिपके, होजची धडधड, नमुन्याच्या धारेत फुटकन् येणारी हवा. शंका असेल तर काही तास थांबून पुन्हा मोजा; अडकलेली हवा निघाली की पातळी खाली येते. वाद मिटला नाही तर जहाज निषेधपत्र देतं. ते पुरवठादाराने ‘मिळाले’ म्हणून सही करून घ्यावं, त्यावर भांडत बसू नये. सही म्हणजे कबुली नव्हे.

१०. नमुने किती घ्यायचे आणि किती दिवस ठेवायचे?

चार ही चालू रीत: मार्पोलचा, जहाजाचा, पुरवठादाराचा आणि एक सर्व्हेअर (त्रयस्थ तपासनीस) किंवा प्रयोगशाळेसाठी. चारही एकाच ठिबक-नमुन्यातून भरायचे, आणि हा ठिबक पूर्ण पंपिंगभर चालू हवा. सुरुवातीला बाटली भरून झाकण लावलं तर तो नमुना पुराव्याला निरुपयोगी. मार्पोलचा नमुना किमान ४०० मिलिलिटर. जहाजावर तो ते इंधन बहुतांशी संपेपर्यंत आणि कमीत कमी १२ महिने ठेवावा लागतो. सीलचे क्रमांक पावतीवर लिहिलेच पाहिजेत.

११. पावतीवर म्हणजे बीडीएनवर (बंकर डिलिव्हरी नोट) काय काय हवं?

जहाजाचं नाव आणि आयएमओ क्रमांक, बंदर, सुरुवातीची तारीख, पुरवठादाराचं नाव-पत्ता-फोन, प्रत, टन, १५ अंशांवरची घनता, गंधकाचं प्रमाण, ज्वलनबिंदू (प्रश्न ६) आणि तेल नियमात बसतं असं सहीचं निवेदन. जहाज आणि पुरवठादार दोघांनीही ती ३ वर्षं जपायची. बार्ज मास्टरकडून आधीच सही केलेल्या कोऱ्या पावत्या घेऊन ठेवण्याची वाईट सवय काही ठिकाणी असते. एका वादात ती उघड झाली की आधीच्या सगळ्या पावत्यांवरचा विश्वास जातो.

१२. भांडवल किती लागतं? विक्री दुप्पट झाली तरी हातात पैसा का नसतो?

सगळ्यात जास्त पत्रं याच प्रश्नाची. टनाचा भाव ५०,००० रुपये धरू. २०० टनांचा एक पुरवठा म्हणजे एक कोटी. टनामागे ८०० रुपये सुटले तर नफा १ लाख ६० हजार. तेल कंपनीला पैसे आगाऊ द्यावे लागतात. जहाजमालक ३० दिवसांची मुदत घेतो आणि ४५ व्या दिवशी देतो. बँकेचं व्याज १२ टक्के धरलं तर त्या ४५ दिवसांचं व्याजच दीड लाखाच्या घरात. पुरवठा करून हातात उरले दहा-पंधरा हजार, आणि त्यातून बार्जचं भाडं अजून दिलेलं नाही.

आता महिन्याला दहा पुरवठे करा. दहा कोटींची विक्री दिसते, पण दीड महिन्याचे, म्हणजे १५ कोटी रुपये बाहेर अडकलेले असतात. वीस पुरवठे केले तर ३० कोटी. ही वाढ दुसऱ्याच्या खिशात होते. आणि एक गिऱ्हाईक बुडालं तर? खरेदीचे ९८ लाख ४० हजार भरून काढायला, व्याज न धरतासुद्धा, तसेच ६२ पुरवठे करावे लागतात, म्हणजे सहा महिन्यांहून जास्त काम.

म्हणून वाढवायची ती विक्रीच्या आधी वसुली. प्रत्येक गिऱ्हाइकाला रुपयांत मर्यादा ठरवा आणि जुनं बिल भरल्याशिवाय नवीन टाकी भरू नका, मागणारा कितीही ओळखीचा असो. मुदत वाढवून मागणाऱ्याला भाव वाढवून द्या. त्यावर तो किती घासाघीस करतो यावरून त्याची तंगी कळते. पैशाची काहीच घासाघीस न करता मोठा माल उधार मागणाऱ्यापासून जास्त जपावं.

१३. ऑर्डर चार्टररने (जहाज भाड्याने घेणाऱ्याने) दिली, चार्टरर बुडाला. जहाज धरून पैसे मिळतात का?

मिळू शकतात, पण खात्री धरू नका. अॅडमिरल्टी कायदा २०१७ हा १ एप्रिल २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम ४ मध्ये इंधनपुरवठ्याचा दावा ‘मेरीटाइम क्लेम’ म्हणून येतो, म्हणजे मुंबई उच्च न्यायालयात जहाज अटकावण्याचा अर्ज करता येतो. पण खलाशांच्या पगाराला जसा जहाजावर धारणाधिकार (येणं फिटेपर्यंत जहाजावरच राहणारा हक्क) आहे, तसा इंधनाला कलम ९ मध्ये नाही. अटकेसाठी कलम ५ खाली मालक किंवा बेअरबोट भाडेकरू (खलाशांशिवाय नुसतं जहाज घेणारा) त्या पैशाला जबाबदार असल्याचं दाखवावं लागतं. टाइम-चार्टररने (ठरावीक मुदतीसाठी खलाशांसह जहाज घेणाऱ्याने) स्वतःच्या नावाने घेतलेल्या तेलाला मालक आपोआप बांधला जात नाही. त्यात जहाज मधल्या काळात विकलं गेलं तर वाट आणखी अवघड.

काय करावं: नॉमिनेशन मालकाच्या वतीने आलं आहे असं लेखी मागा. पावतीवर चीफ इंजिनियरची सही आणि जहाजाचा शिक्का घ्या. ‘हे तेल चार्टररच्या खात्यावर, मालक जबाबदार नाही’ असा शिक्का चीफ इंजिनियर मारू लागला तर होज जोडण्याआधीच कचेरीत फोन करा. तेल टाकीत गेल्यावर फोन करून काही उपयोग होत नाही.

१४. स्वतःची बार्ज कधी घ्यावी?

भाड्याची बार्ज सलग सहा महिने, पावसाळा धरून, महिन्यातले वीस दिवस कामावर असेल तेव्हा. महिन्याचा पक्का खर्च (खलाशी, विमा, हप्ता, ड्राय-डॉकसाठी म्हणजे पाण्याबाहेरच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवायची रक्कम) २० लाख धरला आणि बार्जसाठी टनामागे ६०० रुपये मिळत असतील, तर नुसतं बरोबरीला यायला ३,३०० टनांवर काम लागतं. बार्ज घेतल्यावर ‘रिकामी का ठेवायची’ म्हणून उधारीवर माल दिला जातो आणि प्रश्न १२ मधला खड्डा खोल होतो.

जुनी बार्ज घेताना रंगावर जाऊ नका. टाक्यांचे कॅलिब्रेशन-तक्ते कुणी, कधी केले आणि त्यानंतर टाकीत कुठे पत्रा बदलला का, हे आधी विचारा.

१५. परदेशी जाणाऱ्या जहाजाला करमाफी असते ना?

कस्टम्स कायदा १९६२ च्या कलम ८५ ते ९० मध्ये जहाजाच्या ‘स्टोअर्स’च्या (जहाजावर वापरायच्या सामानाच्या) तरतुदी आहेत. परदेशी फेरीवरचं जहाज शुल्क न भरता इंधन वापरू शकतं. तेच जहाज किनारी फेरीवर आलं, उदाहरणार्थ मुंबईला माल उतरवून कोचीला देशी माल घेऊन निघालं, तर टाकीत उरलेल्या इंधनावर शुल्काचा प्रश्न उभा राहतो. म्हणून पुरवठ्याच्या दिवशी जहाजाची स्थिती कोणती, याचा कस्टम्सचा कागद फाइलला लावा.

फर्नेस ऑइल जीएसटीत येतं, डिझेल अजून जीएसटीबाहेर आहे आणि त्यावर उत्पादन शुल्क व व्हॅट लागतो. दोन्ही विकणाऱ्या कंपनीची दोन वेगळी पुस्तकं होतात. दर बदलत राहतात, ते कर सल्लागाराकडून दर पुरवठ्यागणिक तपासा.

१६. पावसाळ्यात काम बंद ठेवावं लागतं का?

गोदीत आणि धक्क्याला चालू राहतं. बाहेर नांगरावर जून ते ऑगस्ट खाडे पडतात, कारण लाटेवर बार्ज आणि जहाज वेगवेगळं हलतं आणि दोर तुटतात. करारात हवामानाच्या खोळंब्याचं कलम नसेल तर थांबलेल्या बार्जचं भाडं तुमच्या अंगावर येतं. टाकीच्या झाकणांची रबरं मे महिन्यातच बदला: २०० टनांत एक टन पाणी शिरलं की ३८० तेलाची ०.५ टक्क्याची मर्यादा संपली.

१७. महिन्याभराने तक्रार आली की तेलाने इंजिन खराब झालं. तेल चांगलं असताना असं कसं होतं?

तेल प्रमाणपत्राप्रमाणे असूनही त्रास होऊ शकतो. रिफायनरीतल्या उत्प्रेरकाचे अॅल्युमिनियम-सिलिकॉनचे बारीक कण काळ्या तेलात येतात. ३८० तेलाच्या मानकात ते किलोमागे ६० मिलिग्रॅमपर्यंत चालतात, इंजिनाला मात्र त्याच्या चौथाईहून कमी हवेत. मधली सफाई जहाजाच्या प्युरिफायरने करायची असते. तो बिघडलेला असेल तर लायनर (सिलिंडरचं अस्तर) आणि रिंगा घासतात. दुसरं कारण मिश्रण. दोन वेगळ्या जागचं व्हीएलएसएफओ, दोन्ही उत्तम, एका टाकीत पडलं की गाळ बसू शकतो आणि फिल्टर तुंबतात.

मात्र २०२२ मध्ये सिंगापूरला क्लोरीनयुक्त संयुगं मिसळलेलं तेल सुमारे २०० जहाजांत गेलं. नेहमीच्या चाचण्यांत ते दिसलं नव्हतं. तेव्हा ‘प्रमाणपत्र आहे’ म्हणून हात झटकू नयेत. तक्रार आली की आपली सीलबंद बाटली दोघांना मान्य प्रयोगशाळेत एकत्र उघडा, आणि दाव्याची मुदत करारात किती दिवसांची आहे ते त्याच दिवशी वाचा.

१८. जगातल्या मोठ्या कंपन्या कशा वाढल्या, आणि बुडाल्या कशा?

आज वर्ल्ड किनेक्ट नावाने चालणारी कंपनी १९८४ मध्ये फ्लोरिडात वापरलेलं तेल पुन्हा शुद्ध करण्यासाठी निघाली. जहाजांच्या इंधनात ती १९९५ मध्ये ट्रान्स-टेक ही चालती कंपनी विकत घेऊन उतरली. म्हणजे वाढ झाली ती दुसऱ्याची गिऱ्हाइकं आणि माहीतगार माणसं घेऊन.

उलट उदाहरण डेन्मार्कच्या ओडब्ल्यू बंकरचं. मार्च २०१४ मध्ये शेअर बाजारात आली, त्याच नोव्हेंबरात दिवाळखोर. सिंगापूरच्या उपकंपनीने दिलेल्या उधारीत सुमारे १२.५ कोटी डॉलर गेले आणि भावावरच्या सौद्यांत आणखी मोठा तोटा झाला. नंतर प्रत्यक्ष तेल देणारे आणि ओडब्ल्यूची बँक दोघंही जहाजमालकाच्या दारात उभे राहिले. २०१६ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘रेस कॉजिटान्स’ जहाजाच्या खटल्यात मालकाने ओडब्ल्यूच्या बाजूला पैसे द्यावेत असा निकाल दिला. मध्यस्थामार्फत तेल देणाऱ्या मुंबईतल्या पुरवठादाराने हा निकाल प्रश्न १३ च्या जोडीने वाचावा.

१९. एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू), मिथेनॉल, बायोफ्यूल येतंय. आताच तयारी करावी का?

बायोफ्यूलची करावी. युरोपचा फ्यूलईयू नियम (जहाजांच्या इंधनातलं कार्बन कमी करायला लावणारा) १ जानेवारी २०२५ पासून लागू झाल्यामुळे तिकडे जाणारी जहाजं मिश्रण मागतात, आणि साध्या तेलबार्जवरून ३० टक्क्यांपर्यंतचं बायो-मिश्रण देता येतं असं आयएमओने त्याच वर्षी मान्य केलं. टाकी स्वच्छ आणि कोरडी हवी, कारण बायोडिझेल पाणी धरून ठेवतं आणि जुना गाळ सोडवून फिल्टरमध्ये आणतं. पहिल्या दोन-तीन खेपांना फिल्टरच्या जाळ्या दुप्पट ठेवा.

मिथेनॉलचा ज्वलनबिंदू १२ अंशांच्या आसपास असल्याने तो ‘अ’ वर्गात (प्रश्न ४) जातो. काळ्या तेलाची बार्ज त्याला चालत नाही. टाक्या, पंप आणि विद्युत जोडणी सगळंच वेगळं लागतं. एलएनजीला तर उणे १६२ अंशांच्या टाक्या. या दोन्हींत पाय ठेवायचा तर आधी दहा वर्षांचा खरेदीकरार हातात असलेलं गिऱ्हाईक शोधा, बार्जचं कोटेशन नंतर मागवा.